थंडीत केळीला फूल आणणारा माणूस आणि लॅटिन नावांची गोष्ट

दीपनगरच्या वीज केंद्राच्या चिमण्या मागे टाकून तापी ओलांडली की फैजपूर, सावदा, रावेरपर्यंत केळीच्या बागा लागतात. इथं केळीवर घरं चालतात. पण याच केळीमुळे जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वी स्वीडनमधल्या एका तरुणाचं नाव युरोपभर झालं होतं. तो कधी भारतात आला नाही, तरी आपला आंबा, चिंच आणि भरताचं वांगं या तिघांच्याही शास्त्रीय नावांपुढे आजही त्याच्या नावाचं एकच अक्षर लिहितात, एल.

एल म्हणजे कार्ल लिनियस.

त्याचा जन्म २३ मे १७०७ रोजी दक्षिण स्वीडनमधल्या रोशुल्ट या खेड्यात झाला. वडील पाद्री आणि बागकामाचे वेडे. त्या काळी तिथल्या साध्या घरांत आडनाव नसायचं, मुलाच्या नावापुढे बापाचं नाव लागायचं. विद्यापीठात गेल्यावर वडिलांना आडनाव लागलं, तेव्हा त्यांनी घरच्या जमिनीतल्या लिंडेनच्या झाडावरून लॅटिन वळणाचं लिनियस घेतलं. थोडक्यात, पोराचं आडनावच एका झाडावरून आलेलं.

पण लॅटिनच का? कारण तेव्हा युरोपातले विद्वान एकमेकांशी याच भाषेत बोलत आणि लिहीत. पैठणचा पंडित काशीला गेला तर वाद संस्कृतात घालायचा, तसंच हे. शिवाय लॅटिन आता कुणाच्याच घरात बोलली जात नव्हती. त्यामुळे तिच्यावर एका देशाचा हक्क नव्हता आणि तिचे शब्द दर पिढीला बदलतही नव्हते.

लिनियस १७२८ मध्ये उप्साला विद्यापीठात आला तेव्हा खिशात फारसे पैसे नव्हते. ओलोफ सेल्सियस या प्राध्यापकाने त्याची वनस्पतींची जाण पाहून त्याला घरी आसरा दिला. १७३२ मध्ये तो उत्तरेच्या बर्फाळ लॅपलंडमध्ये वनस्पती शोधत फिरला. १७३५ मध्ये हॉलंडला जाऊन त्याने काही दिवसांतच डॉक्टरकीची पदवी घेतली आणि त्याच वर्षी सगळ्या सृष्टीची वर्गवारी मांडणारं मोजक्याच, पण भल्यामोठ्या पानांचं पुस्तक छापलं.

हॉलंडमध्येच त्याला जॉर्ज क्लिफर्ड भेटला. हा डच ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक. त्याच्या बागेतल्या काचघरात केळीचं झाड होतं, पण ते फुलत नव्हतं. लिनियसने त्याला कसदार माती दिली, काही आठवडे पाणी तोडलं आणि मग पावसाळा आल्यासारखं भरपूर पाणी सोडलं. १७३६ मध्ये केळ फुलली, तिला फळं आली. लोक बघायला आले आणि लिनियसने तिच्यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं.

भारतातल्या झाडांची माहिती त्याला मिळाली ती मुख्यतः हॉर्टस मलबारिकस या बारा खंडांच्या ग्रंथातून. कोचीनचा डच अधिकारी व्हॅन ऱ्हीडने करवून घेतलेला हा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला. त्यासाठी इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्यांबरोबर रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्यही राबले होते. त्यातल्या चित्रांवर झाडांची कोकणी नावं नागरी लिपीत आहेत. भारतातल्या कितीतरी वनस्पतींना लिनियसने नावं दिली ती याच चित्रांच्या आधारावर.

तेव्हा अडचण होती ती नावांच्या लांबीची. झाडाचं लॅटिन नाव म्हणजे त्याचं पूर्ण वर्णनच असायचं. शेतात उगवणाऱ्या चिरबोटीच्या एका बहिणीचं नाव साधारण असं होतं: एक वर्ष जगणारी, खूप फांद्यांची, कंगोरेदार गुळगुळीत फांद्या आणि दातेरी पानं असलेली फिसालिस. असं नाव पाठ कोण करणार?

यावर उपाय सापडला तो गुरांच्या चाऱ्यात. कोणतं जनावर कोणती वनस्पती खातं याची यादी लिनियसचे विद्यार्थी करत होते. दरवेळी वर्णन लिहिणं शक्य नव्हतं, म्हणून १७४९ मध्ये छापलेल्या या यादीत दोन शब्दांची छोटी नावं वापरली गेली. मग १७५३ मध्ये त्याने जवळपास सहा हजार वनस्पतींचा ग्रंथ काढला आणि प्रत्येकीचं छोटं नाव समासात टाकलं. गंमत म्हणजे त्याच्या मते खरं नाव लांबलचकच होतं, छोटं फक्त सोयीसाठी. जगाने मात्र समासातलंच उचललं. ती चिरबोटीची बहीण आता नुसती फिसालिस अँगुलाटा आहे.

यात पहिला शब्द आडनावासारखा, दुसरा खुद्द नावासारखा. वांगं सोलॅनम मेलोंजेना आणि बटाटा सोलॅनम ट्युबरोसम, म्हणजे दोघं भाऊबंद. आपल्या भाषेत मात्र चिंच, विलायती चिंच आणि गोरखचिंच ही तीन अगदी वेगळी झाडं एकच नाव मिरवतात.

आणि ही नावं लॅटिन म्हणजे सगळीच रोमन नाहीत. केळीचं मुसा अरबी मौझवरून आलं. आंब्याच्या मँगिफेरामध्ये दक्षिण भारतातला मांगा आहे. चिंचेचं टॅमरिंडस म्हणजे अरबांचा हिंदी खजूर. साचा लॅटिन, माल जगभरचा.

१७५८ मध्ये त्याने हीच पद्धत प्राण्यांना लावली आणि माणसाला होमो सेपियन्स केलं. पण इथं त्याची मोठी चूकही आहे. माणसांचे खंडांनुसार चार गट पाडून त्याने त्यांना रंगाबरोबर स्वभावही चिकटवले. पुढे वंशभेद मानणाऱ्यांना त्याचा आधार मिळाला.

केळीच्या बाबतीतही तो चुकला. त्याने केळीच्या दोन जाती मानल्या, मुसा पॅराडिसियाका आणि मुसा सॅपिएंटम. विसाव्या शतकात कळलं की या दोन्ही म्हणजे दोन रानकेळींचे संकर. जळगावात लावतात ती ग्रँड नैन आणि बसराई तर त्यातल्या एकाच रानकेळीपासून, मुसा अ‍ॅक्युमिनाटापासून आलेली. नाव चुकलं तर पुरावा देऊन सुधारता येतं, ही सोय याच पद्धतीत आहे.

त्याचे सतरा शिष्य वनस्पती शोधायला जगभर गेले, त्यातले काही परत आलेच नाहीत. शेवटच्या वर्षांत पक्षाघाताने त्याची स्मृती गेली. हजारो जीवांना नावं देणाऱ्या या माणसाला स्वतःचं नावही आठवेना, असं सांगतात. १० जानेवारी १७७८ रोजी तो गेला.

त्याच्या कामाचा उपयोग काय, ते गाजरगवत सांगतं. हे ना गाजर, ना गवत. कुणी त्याला काँग्रेस गवत म्हणतं, कुणी पांढरफुली. १९५० च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली, पण पार्थेनियम हिस्टेरोफोरस हे नाव लिनियसने १७५३ मध्येच देऊन ठेवलं होतं. ते तण अमेरिका खंडातलं आहे हे त्या नावावरून लगेच कळलं. तिथं त्याला कोण खातं याचा शोध घेता आला आणि १९८० च्या दशकात मेक्सिकोहून त्याची पानं फस्त करणारा भुंगा भारतात आणता आला.

२०१२ पासून नव्या वनस्पतीचं वर्णन इंग्रजीत लिहायलाही परवानगी आहे. नाव मात्र अजून लॅटिन वळणाचंच लागतं. बांधावर त्याला गाजरगवतच म्हणावं. पण त्याचा इलाज मेक्सिकोत शोधायचा तर तिथल्या माणसालाही कळेल असं एक नाव लागतंच.