मोजून पाहणारे डॉक्टर : हार्वे कुशिंग

डॉ. हार्वे कुशिंग यांचा जन्म ८ एप्रिल १८६९ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात डॉक्टरांच्या घराण्यात झाला. भूल दिलेल्या रुग्णाची नाडी शस्त्रक्रिया चालू असताना नोंदवत राहण्याची पद्धत त्यांनी विद्यार्थीदशेतच एका सहाध्यायासोबत सुरू केली. १९०१ साली त्यांनी रक्तदाब मोजण्याचे उपकरण इटलीतून अमेरिकेत नेले. पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेत त्यांची कीर्ती जगभर पसरली.

१९१२ साली त्यांनी २३ वर्षांच्या एका तरुणीच्या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले : गोल चेहरा, सुटलेले पोट, वाढलेला रक्तदाब. १९३२ साली अशा अनेक रुग्णांचा अभ्यास मांडून मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतील गाठ हे त्यांनी कारण सांगितले. ७ ऑक्टोबर १९३९ रोजी त्यांचे निधन झाले. आजाराला त्यांचेच नाव मिळाले.

मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीत कॉर्टिसॉल हे संप्रेरक बनवणारी गाठ झाली, तरी हीच लक्षणे दिसतात. कुशिंग यांच्या काळी रक्तातील कॉर्टिसॉल मोजण्याची सोय नव्हती. आज चोवीस तासांची लघवी, रात्रीची लाळ आणि रात्री ठरावीक गोळी देऊन सकाळी घेतलेले रक्त तपासतात. परंतु ताण, दारू व काही औषधे यांमुळेही आकडा चुकीचा येऊ शकतो. म्हणून एकाच अहवालावरून निदान करीत नाहीत.

स्टिरॉइडच्या गोळ्या फार दिवस घेतल्यासही चेहरा असाच गोल होतो. तेव्हा पालकांनी घरातील प्रत्येक औषध डॉक्टरांना दाखवावे. चालू गोळी मात्र स्वतःहून एकदम बंद करू नये. मोजावे, पण पुन्हा पडताळूनही पाहावे, हाच या चरित्राचा बोध.