कामाची गोडी लावणारे गुरुजी

मुलांनो, तळोदा हे सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले गाव आहे. मे महिन्यात तेथे कडक ऊन पडते. शाळेला सुटी असते. अशा सुटीत घर सोडून आठ दिवस शिबिराला जायचे ठरले, तर? तेथे तुमचे कपडे कोण धुईल? ताट कोण घासील? शेजारचा मुलगा दुसरी भाषा बोलत असेल, तर त्याच्याशी मैत्री कशी होईल? या प्रश्नांची उत्तरे एका शिक्षकाने आपल्या वागण्यातून दिली. त्यांचे नाव पांडुरंग सदाशिव साने. सारा महाराष्ट्र त्यांना साने गुरुजी म्हणतो.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड या गावी झाला. घरी गरिबी होती. शिक्षणासाठी त्यांना लहानपणीच घरापासून दूर राहावे लागले. कधी हाताने स्वयंपाक करावा लागे, तर कधी उपाशी राहावे लागे. तरी ते एम. ए. झाले. १९२४ साली ते खानदेशातील अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. तळोद्याहून तापी ओलांडून नंदुरबारला आलात, की तेथून आगगाडीने अमळनेरला जाता येते.

शाळेच्या वसतिगृहात बाहेरगावची मुले राहत. गुरुजींकडे त्यांची देखरेख आली. मुलांच्या खोल्यांत केर असे. कपडे इकडेतिकडे पडलेले असत. गुरुजी रागावले नाहीत. मुले खोलीत नसली, की ते स्वतः केर काढत, कपड्यांच्या घड्या घालत, मळलेले कपडे धूत. कोणी आजारी पडले, तर त्याची सेवा करत. हे पाहून मुलांना लाज वाटली. हळूहळू ती आपली कामे आपणच करू लागली. कोणतेही काम हलके नसते, हे त्यांना न सांगता समजले. गुरुजी मुलांसाठी हाताने लिहून एक दैनिकही काढत.

१९३० साली गुरुजींनी नोकरी सोडली व स्वातंत्र्याच्या लढ्यात उडी घेतली. त्यांना अनेकदा तुरुंगवास झाला. तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात निरनिराळ्या भाषा बोलणारे कैदी होते. एकमेकांची भाषा आली नाही, तर मने जुळणार कशी, हा विचार गुरुजींच्या मनात आला. ते तमिळ शिकू लागले. पुढे नाशिकच्या तुरुंगात त्यांनी १९३३ साली 'श्यामची आई' हे पुस्तक लिहिले. 'इस्लामी संस्कृती' हे पुस्तकही त्यांचेच. त्यात हजरत मुहंमद पैगंबरांचे चरित्र आहे.

१९४१ साली राष्ट्र सेवा दल सुरू झाले. या दलाची शिबिरे सुटीत भरत. सर्व जातिधर्मांची मुले-मुली एकत्र राहत, एका पंगतीत जेवत, श्रमदान करत, गाणी म्हणत. गुरुजी अशा मुलांत रमत. वसतिगृहात त्यांनी जे शिकवले, तेच ही मुले शिबिरात शिकत होती.

प्रत्येक प्रांतातील मुलांनी दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, यासाठी गुरुजींनी 'आंतरभारती'ची कल्पना मांडली. ती पूर्ण होण्याआधीच, ११ जून १९५० रोजी त्यांचे निधन झाले. शिबिरे मात्र थांबली नाहीत. १९६७ साली बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे तरुणांची श्रमछावणी सुरू केली.

मुलांनो, तळोद्याच्या बाजारात मराठी, अहिराणी, भिली, गुजराती आणि उर्दू अशा कितीतरी भाषा कानांवर पडतात. तुम्ही उर्दू शाळेत शिकता आणि मराठीही शिकत आहात. म्हणजे गुरुजींच्या वाटेवर तुम्ही एक पाऊल टाकलेच आहे. दुसरे पाऊल या सुटीत टाका. आपले ताट आपण घासा, आपले अंथरूण आपण घाला, आणि शेजारच्या मुलाला त्याच्या भाषेत हाक मारा.

स्वाध्याय
१. मुलांच्या खोल्या पाहून गुरुजींनी काय केले?
२. गुरुजी तमिळ का शिकू लागले?
३. तुम्ही घरी स्वतःची कोणती कामे करता? पाच ओळी लिहा.