पालवणकर बाळू

इंग्रजांनी हिंदुस्थानात क्रिकेट आणले, तेव्हा तो साहेबांचा खेळ होता. पुढे पारशी समाजाने तो आत्मसात केला आणि त्यांच्यामागून हिंदूंनीही आपले क्लब काढले. या हौशी क्लबांना गोऱ्यांच्या बरोबरीस आणून बसवणाऱ्या खेळाडूंत बाळू बाबाजी पालवणकर यांचे नाव पहिल्या रांगेत घ्यावे लागते.

बाळू यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील असून त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या चर्मकार समाजातील होते. वडिलांच्या लष्करातील नोकरीमुळे त्यांचे बालपण पुण्यात गेले. तेथे पारशांच्या क्लबात मैदान झाडणे व खेळपट्टीवर रूळ फिरवणे हे काम त्यांना दरमहा तीन रुपयांवर मिळाले. पुढे ते युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपयांवर लागले. सरावासाठी साहेबांना चेंडू टाकता टाकता त्यांची डावखुरी मंदगती गोलंदाजी घडत गेली. ग्रेग नावाचे नामांकित इंग्रज फलंदाज इतरांच्या आधी मैदानावर येऊन तासन्‌तास बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. स्वतः बाद झाले, की ग्रेग दर वेळी आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. ती खरी असेल, तर महिन्यातून आठ वेळा साहेबांना बाद करताच बाळूंचा पगार दुप्पट होत असला पाहिजे! मात्र या क्लबात बाळूंच्या हाती फलंदाजीसाठी बॅट कधी आली नाही. फलंदाजी साहेबांनी करावी आणि चेंडू नोकरांनी टाकावा, अशी तेथली रीत होती.

पुण्यातील हिंदूंच्या क्लबाला गोऱ्यांवर विजय हवा होता. त्यासाठी बाळूंना संघात घ्यावे की नाही, यावर सभासदांत बराच वाद झाला. अखेर त्यांना घेण्यात आले. मैदानावर सारे एकाच चेंडूला हात लावीत; परंतु चहाच्या सुट्टीत इतरांना मंडपात चिनी मातीच्या कपातून चहा मिळे आणि बाळूंना तो बाहेर, मातीच्या भांड्यातून दिला जाई. जेवणाचे पानही वेगळे मांडले जाई. या वागणुकीत त्यांनी क्लबाला पुण्याच्या व साताऱ्याच्या युरोपियन संघांवर विजय मिळवून दिले. पुण्यात झालेल्या सत्कारप्रसंगी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांचा जाहीर गौरव केला.

१८९६ च्या सुमारास बाळू मुंबईस आले. तेथील हिंदू जिमखाना १८९४ मध्ये स्थापन झालेला, म्हणजे अगदी नवा होता. येथेही विरोध झालाच; पण संघाची गरज विरोधापेक्षा मोठी ठरली. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने मुंबईच्या युरोपियन संघास १०९ धावांनी हरवले. या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. त्यांचे धाकटे बंधू शिवराम हेही त्या सामन्यात खेळले.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघाने बहुतेक सामने गमावले. बाळूंनी मात्र त्या दौऱ्यात १८.८४ धावांच्या सरासरीने ११४ बळी मिळवले. त्याच उन्हाळ्यात, २९ जुलै रोजी, कलकत्त्यात मोहन बागान या हौशी फुटबॉल क्लबाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला दोन विरुद्ध एक गोलने हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. त्यांच्या अकरांपैकी दहा खेळाडू अनवाणी खेळले होते. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवता येते, हे आता दोन्ही खेळांत दिसून आले.

तथापि आपल्या माणसांशी चाललेला बाळूंचा सामना अद्याप संपला नव्हता. सर्वांत अनुभवी असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. १९२० मध्ये त्यांना संघातूनच वगळले गेले. त्या वेळी कर्णधार आजारी असल्यामुळे जागा रिकामी होती. तीही बाळूंचे बंधू विठ्ठल यांना डावलून वयाने लहान असलेल्या खेळाडूस दिली गेली. तेव्हा शिवराम व विठ्ठल संघातून बाहेर पडले. अंतिम सामन्यासाठी तिघाही भावांना परत बोलवावे लागले. बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले आणि कर्णधार काही काळ मैदानाबाहेर गेल्यामुळे तेवढ्यापुरते संघाचे नेतृत्व त्यांनी केले. पुढे १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले.

निवृत्तीनंतर बाळू राजकारणात उतरले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविरुद्ध उभे राहिले आणि सुमारे दोन हजार मतांनी पराभूत झाले. जुलै १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले.