‘शत्रू नागरिक’ ठरलेल्या शास्त्रज्ञाने आकाशगंगेच्या मध्यापर्यंत कशी पोहोचवली नजर? काय आहे ‘बाडे खिडकी’?

आपली सूर्यमाला आकाशगंगेच्या चपट्या तबकडीत आहे. या तबकडीच्या मधोमध ताऱ्यांचा एक दाट फुगवटा आहे. तो आपल्यापासून सुमारे २६ ते २७ हजार प्रकाशवर्षे दूर आहे. अडचण अशी की, वाटेत धुळीचे प्रचंड ढग आहेत आणि साध्या प्रकाशात पलीकडचे काही दिसत नाही. या धुळीतली एक फट शोधली वॉल्टर बाडे या खगोलशास्त्रज्ञाने. कोण होते बाडे? जाणून घेऊ या.

कोण होते वॉल्टर बाडे?

बाडे यांचा जन्म २४ मार्च १८९३ रोजी जर्मनीतील वेस्टफालिया भागात झाला. वडील शाळेत शिक्षक होते. कंबरेच्या सांध्यात जन्मापासून दोष असल्याने ते आयुष्यभर थोडे लंगडत चालत. १९१९ मध्ये गटिंगेन येथे डॉक्टरेट मिळवून ते हॅम्बुर्गच्या वेधशाळेत रुजू झाले. १९२० मध्ये त्यांनी ‘हिडाल्गो’ हा लघुग्रह शोधला. मात्र त्यांची ओढ होती मोठ्या दुर्बिणींची. १९३१ मध्ये ते अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन वेधशाळेत गेले. तिथे १९३४ मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांच्यासोबत त्यांनी एक धाडसी कल्पना मांडली. मोठ्या ताऱ्याचा स्फोट होतो तेव्हा मागे न्यूट्रॉनचा अतिघन तारा उरत असावा, अशी ती कल्पना होती. ती पुढे खरी ठरली.

युद्धाचा फायदा कसा झाला?

अमेरिकेच्या नागरिकत्वासाठी अर्ज केल्यानंतर बाडे यांची कागदपत्रे हरवली आणि प्रक्रिया अर्धवट राहिली. अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरताच ते कागदोपत्री ‘शत्रू देशाचे नागरिक’ ठरले. अशा लोकांना रात्री घराबाहेर पडायला बंदी होती. ज्याचे कामच रात्रीचे, त्याच्यासाठी ही शिक्षाच होती. अखेर त्यांना वेधशाळेत काम करण्याची विशेष सवलत मिळाली.

एडविन हबल यांच्यासह अनेक सहकारी युद्धकामासाठी निघून गेले होते. त्यामुळे १०० इंची दुर्बीण बाडे यांना भरपूर मिळाली. त्यातच हवाई हल्ल्याच्या भीतीने पायथ्याच्या लॉस एंजेलिस शहरात दिवे मंद ठेवले जात होते. १९४३ च्या या काळोखात त्यांनी लाल प्रकाश टिपणाऱ्या काचेच्या प्लेट वापरल्या आणि देवयानी दीर्घिकेच्या मध्यभागातले तारे पहिल्यांदाच सुटे सुटे टिपले. कडेचे ठळक तारे निळे आणि तरुण, तर मधले लाल आणि म्हातारे. यावरून त्यांनी ताऱ्यांचे दोन गट मांडले.

‘बाडे खिडकी’ म्हणजे काय?

आपल्या आकाशगंगेचा मध्यही तसाच असेल का, हा पुढचा प्रश्न होता. धनू राशीत एनजीसी ६५२२ या तारकागुच्छाभोवती धूळ बरीच विरळ आहे, हे बाडे यांनी हेरले. ही जागा आकाशगंगेच्या केंद्रापासून सुमारे ४ अंश बाजूला आहे. म्हणजे नजर थेट केंद्रावर जात नाही, पण फुगवट्यातून आरपार जाते.

तिथे त्यांनी ‘आरआर लायरी’ प्रकारचे तारे शोधले. हे तारे साधारण एका दिवसाच्या आत तेजस्वी-मंद होतात आणि त्यांचे मूळ तेज जवळपास सारखे असते. समान वॅटचे दिवे दूर गेले की मंद दिसतात, तसेच हे गणित. एका ठरावीक तेजाच्या आसपास असे तारे सर्वाधिक सापडले. म्हणजेच तेवढ्या अंतरावर त्यांची गर्दी होती. त्यावरून केंद्राचे अंतर काढता आले आणि फुगवट्यात म्हातारे तारे आहेत, हेही दिसले. हे काम १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले.

विश्व दुप्पट कसे झाले?

तेव्हाच्या मोजमापानुसार विश्वाचे वय सुमारे २ अब्ज वर्षे येत होते, तर पृथ्वीवरचे काही खडक त्याहून जुने निघत होते. काहीतरी नक्की चुकत होते. पालोमारच्या नव्या २०० इंची दुर्बिणीतून बाडे यांनी देवयानीत आरआर लायरी तारे शोधले. ते दिसायला हवे होते, पण दिसले नाहीत. याचा अर्थ देवयानी मानली जात होती त्यापेक्षा खूप दूर होती. अंतरे मोजताना सेफिड ताऱ्यांचे दोन प्रकार एकच धरले गेले होते. १९५२ मध्ये रोम येथील परिषदेत त्यांनी हे मांडले आणि दीर्घिकांची अंतरे जवळपास दुप्पट झाली. सोबत विश्वाचे वयही वाढले.

बाडे आज का आठवायचे?

बाडे १९५८ मध्ये निवृत्त झाले आणि पुढे जर्मनीला परतले. कंबरेच्या शस्त्रक्रियेनंतर २५ जून १९६० रोजी गटिंगेन येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी लेखन तुलनेने कमी केले. त्यांची व्याख्याने निधनानंतर पुस्तकरूपात आली.

त्यांचे सगळेच टिकले नाही. फुगवट्यातले अनेक तारे जुने असूनही जड मूलद्रव्यांनी समृद्ध आहेत, त्यामुळे दोन गटांची सोपी विभागणी अपुरी पडली. पण खिडकी टिकली. १९९२ मध्ये चिलीतून सुरू झालेल्या ‘ओगल’ प्रकल्पानेही सुरुवातीच्या निरीक्षणांसाठी हाच भाग निवडला.

पाऊस सरल्यावर ऑक्टोबरच्या सुरुवातीला, अंधार पडताच दक्षिण-नैऋत्येला पाहा. धनू राशीतले तारे चहाच्या किटलीसारखे दिसतात. किटलीच्या तोटीच्या टोकाशी जो तारा आहे, त्याच्या अगदी जवळच ही खिडकी आहे. मात्र ती पाहायची तर बाडे यांना मिळाला तसा काळोख हवा.