हिरोशिगे : नदीवरील पावसाचा चित्रकार

आजचे टोकियो शहर पूर्वी एदो या नावाने ओळखले जाई. तेथील घरे लाकडाची, सरकती दारे कागदाची. त्यामुळे आगीचे भय नित्याचेच. शोगुनच्या किल्ल्याचे आगीपासून रक्षण करणाऱ्या एका कनिष्ठ सामुराई अधिकाऱ्याच्या घरी १७९७ साली हिरोशिगे यांचा जन्म झाला. १८०९ साली आधी आई गेली, पाठोपाठ वडील. अवघ्या बाराव्या वर्षी यतीम झालेल्या या मुलाच्या अंगावर वडिलांची वंशपरंपरागत नोकरी येऊन पडली. पगार बेताचा, पण फुरसत मिळे. ती त्यांनी वाया घालविली नाही.

तोयोकुनी या नामांकित उस्तादांकडे ते गेले, तर शिष्य पुष्कळ झाले म्हणून त्यांना परत पाठविण्यात आले. मग तोयोहिरो यांनी आसरा दिला. हिरोशिगे या नावातील पहिला भाग गुरूंच्याच नावातला. नोकरी सांभाळून शिकायचे म्हणजे वेळ लागणारच! १८३२ साली त्यांनी ती नोकरी घरातील दुसऱ्याकडे सोपविली आणि पुढे एदो ते क्योतो या तोकाइदो रस्त्यावरील मुक्कामांच्या पंचावन्न चित्रांनी त्यांचे नाव घरोघर पोहोचले.

ही चित्रे श्रीमंतांच्या दिवाणखान्यासाठी नव्हती. चित्रकाराने रेखाटन करायचे, कोरक्याने ते चेरीच्या लाकडावर कोरायचे, छापणाऱ्याने प्रत्येक रंगासाठी निराळा ठसा वापरून कागदावर उतरवायचे, आणि प्रकाशकाने ते स्वस्तात विकायचे. कौतुक करताना आपण कोरक्याला विसरतो, हे बरे नव्हे. १८५७ सालच्या सुमिदा नदीवरील पुलाच्या चित्रात अचानक सर आली आहे; छत्र्या आणि चटया डोक्यावर धरून माणसे लगबगीने चालली आहेत, खाली एकटा नावाडी तराफा हाकीत आहे. पावसाची प्रत्येक बारीक रेघ लाकडात उठवून कोरलेली आहे. १८८७ साली पॅरिसमध्ये व्हॅन गॉग यांनी या चित्राची तैलरंगात नक्कल केली.

हे चित्र एदोच्या शंभराहून अधिक दृश्यांच्या मालिकेतले. १८५५ सालच्या भूकंपाने व आगींनी शहर उद्ध्वस्त झाल्यानंतर वर्षभरातच त्यांनी ती सुरू केली. नदी, पूल, बाजार, होड्या असे आपल्या शहराचे रोजचे जगणे ते उतरवीत राहिले.

१८५८ साली, एदोत पटकीची साथ चालू असताना, त्यांचे निधन झाले. हजारो चित्रे काढूनही ते श्रीमंत झाले नव्हते. आपली देणी कशी फेडावीत, याच्या सूचना त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवल्या होत्या.