पहिला सत्याग्रही

इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघालेला मुलगा मधेच सुरतेला उतरला आणि काशीला गेला! १९१६ सालचे हे विनोबा भावे मला फार आवडतात. पण त्यांची खरी परीक्षा १९४० सालची.

१९३९ मध्ये व्हाइसरॉयने भारतीयांना न विचारताच देश महायुद्धात ओढला. गांधीजींनी मोर्चे काढले नाहीत, एकेक माणूस पारखून निवडला. सरकारला आधी कळवायचं, युद्धाला मदत करू नका असं लोकांना सांगायचं आणि शांतपणे अटक करून घ्यायची. पहिले विनोबा, दुसरे नेहरू. १७ ऑक्टोबरला वर्ध्याजवळ पवनारला विनोबा बोलले, २१ तारखेला पकडले गेले. शिक्षा तीन महिने. पुढे हजारो जण तुरुंगात गेले.

मित्रांनो, घोळक्यात घोषणा कोणीही देतो. आधी सांगून एकट्याने उभं राहणं मला जास्त अवघड वाटतं.