तारामती ते जोधाबाई : दुर्गा खोटे

आपल्या वर्गात नाटक बसवायचे ठरले की एक प्रश्न हमखास येतो : राणी कोण होणार? हात वर करणाऱ्या मुलींची रांग लागते आणि निवड करताना आमची पंचाईत होते. शंभर वर्षांपूर्वी मात्र नेमकी उलटी अडचण होती. राणी व्हायला कोणी मिळतच नसे.

दादासाहेब फाळके १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट काढत होते, तेव्हाची गोष्ट. हरिश्चंद्राची पत्नी तारामती हिच्या भूमिकेसाठी त्यांनी खूप शोध घेतला, पण एकही स्त्री कॅमेऱ्यासमोर उभी राहायला तयार होईना. शेवटी उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके लुगडे नेसून तारामती झाले. त्याच वर्षी फाळक्यांच्या पुढच्या 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची लहान मुलगी कमला या मायलेकींनी काम केले. पण त्या फिरत्या नाटक कंपनीतल्या होत्या. शिकल्या-सवरलेल्या घरातल्या मुलीने हे काम करावे ही कल्पनाच तेव्हा कोणाला सहन होत नसे.

पुढे मराठी चित्रपट बोलू लागला, तेव्हा पहिल्याच बोलपटाची गोष्ट पुन्हा हरिश्चंद्र-तारामतीचीच होती. या वेळी तारामती झाल्या दुर्गा खोटे.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा, मुंबईतला. माहेरचे नाव विटा लाड. वडील पांडुरंग लाड हे सॉलिसिटर होते आणि घरी कोंकणी बोलत. विटाची शाळा होती कॅथेड्रल, पूर्ण इंग्रजी वळणाची. पुढे ती सेंट झेवियर्स कॉलेजात गेली. म्हणजे घरात एक भाषा, शाळेत दुसरी आणि जिच्यामुळे नाव झाले ती मराठी तिसरी! शाळेत इंग्रजी, मित्रांशी हिंदी आणि वर्गापुरती मराठी अशी कसरत करणाऱ्या आपल्या मुलांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

शिक्षण चालू असतानाच लग्न झाले. सासरचे खोटे घराणे श्रीमंत होते. विटाची दुर्गा झाली. बकुळ आणि हरिन हे दोन मुलगे झाले. पण ती श्रीमंती टिकली नाही. पैसा गेला आणि घर चालवण्याचा, दोन मुलांना वाढवण्याचा भार दुर्गाबाईंवर आला. त्यांनी शिकवण्या करून पाहिल्या, पण त्यातून कितीसे मिळणार?

अशा वेळी १९३१ साली मोहन भवनानी यांच्या 'फरेबी जाल' या चित्रपटात एक छोटी भूमिका चालून आली. खरे तर विचारणा झाली होती ती बहिणीकडे, शालिनीकडे. तिने दुर्गाबाईंचे नाव सुचवले. पैशांची गरज होती, त्यांनी होकार दिला. आपला भाग सोडला तर चित्रपटात बाकी काय आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. चित्रपट लागला तो अगदी सुमार निघाला. लोकांनी नावे ठेवली ती मात्र दुर्गाबाईंना. लाडांची मुलगी, खोट्यांची सून, आणि सिनेमात! काम मिनिटांचे, आणि बोलणी किती दिवसांची! आम्हाला वाटते, एखादी दुसरी असती तर तिथेच थांबली असती.

त्याच सुमारास कोल्हापूरच्या 'प्रभात'चे व्ही. शांताराम आपल्या बोलपटासाठी तारामती शोधत होते. वाईट चित्रपटातल्या त्या छोट्या भूमिकेतही त्यांना हवे ते दिसले. एकदा हात पोळला असतानाही दुर्गाबाईंनी पुन्हा होकार दिला. हा दुसरा होकार आम्हाला पहिल्यापेक्षा मोठा वाटतो.

'अयोध्येचा राजा' १९३२ च्या फेब्रुवारीत मुंबईत झळकला. हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे आणि संगीतही त्यांचेच होते. चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. म्हणजे संवाद दोनदा पाठ करायचे आणि प्रसंग दोनदा रंगवायचे. गाण्यासाठी दुसऱ्याचा आवाज वापरायची सोय तेव्हा नव्हती, म्हणून नटनटी स्वतःच गात. दुर्गाबाईही गायल्या. चित्रपट जोरात चालला. काल नावे ठेवणारेच आता तारामतीचे कौतुक करू लागले!

मग मागे वळून पाहणे नाही. त्याच वर्षी 'माया मच्छिंद्र'मध्ये त्या राणी झाल्या, शेजारी चक्क चित्ता! (मुलांनो, खरा चित्ता.) कलकत्त्याला जाऊन त्यांनी 'राजरानी मीरा' आणि 'सीता' केले. त्या काळी कलावंत एकाच कंपनीत महिना पगारावर बांधलेले असत. दुर्गाबाई मात्र आज या कंपनीत तर उद्या त्या कंपनीत, आपल्या अटींवर काम करत. पुढे त्या स्वतः निर्मितीतही उतरल्या.

आमच्या आवडीचा चित्रपट १९३६ चा 'अमर ज्योती'. दुबईच्या खाडीत लाकडी गलबते नांगरलेली आपण नेहमी पाहतो. तशा जहाजावर एक स्त्री हुकूम सोडते आहे असे डोळ्यांसमोर आणा. ती सौदामिनी. राज्याचा कायदा तिला तिच्या तान्ह्या मुलाचा ताबा नाकारतो आणि ती समुद्रावर चाचेगिरी करत त्या राज्याविरुद्ध उभी राहते. जी बाई मुलांसाठीच या व्यवसायात आली होती, तिने ही भूमिका कोणत्या जिव्हाळ्याने केली असेल, याचा विचार पालकांनीच करावा.

पुढे १९४१ साली आचार्य अत्रे यांच्या 'पायाची दासी'मध्ये त्या खाष्ट सासू झाल्या. वय अवघे ३६! नायिका होण्याच्या वयात सासू व्हायला कितीजणी तयार होतील? लगेच पुढच्या वर्षी 'भरत मिलाप'मध्ये कैकेयी. सोज्ज्वळ तारामतीला लोकांनी डोक्यावर घेतले होते, पण दुर्गाबाई त्या एकाच साच्यात अडकल्या नाहीत.

नाटकाचे वेड होतेच. मुंबई मराठी साहित्य संघाच्या रंगमंचावर त्यांनी पुष्कळ कामे केली. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'वरून वि. वा. शिरवाडकरांनी लिहिलेल्या 'राजमुकुट'मध्ये त्या होत्या, आणि खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'तली त्यांची आनंदीबाई तर विशेष गाजली. राघोबादादा होते नानासाहेब फाटक. आनंदीबाईची 'ध'चा 'मा' केल्याची आख्यायिका वर्गात सांगितली आहेच : पत्रातल्या 'धरावे'चे 'मारावे' झाले आणि १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला. शुद्धलेखनाच्या तासाला आम्ही हे उदाहरण उगीच देत नाही!

हिंदीतली त्यांची जोधाबाई बहुतेकांनी पाहिली असेल. 'मुघल-ए-आझम' १९६० चा. एकीकडे बादशहा नवरा, दुसरीकडे बंडखोर मुलगा, मध्ये ही आई. १९७३ च्या 'बॉबी'त त्या गोव्याच्या मिसेस ब्रगांझा झाल्या. १९६८ साली पद्मश्री आणि १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. ज्या फाळक्यांना तारामती मिळाली नव्हती, त्यांच्याच नावाचा!

घरात दुःखही आले. मुलगा हरिन अकाली गेला. त्याच्या पत्नी विजयाबाई, म्हणजे पुढे नामवंत दिग्दर्शिका झालेल्या विजया मेहता. दुर्गाबाई काम करतच राहिल्या. आपल्यातल्या अनेक आईबाबांनी लहानपणी दूरदर्शनवर पाहिलेली 'वागळे की दुनिया' ही १९८८ ची मालिका दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सचीच. 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र त्यांनी मराठीत लिहिले. उतारवयात त्या अलिबागला राहिल्या आणि २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

'अयोध्येचा राजा' आजही पाहायला मिळतो. मुलांनी तो आजी-आजोबा इकडे आलेले असताना त्यांच्याशेजारी बसून पाहावा, कारण भाषा जुन्या वळणाची आहे आणि आवाज थोडा खरखरतो. तारामती बाळ रोहिदासासाठी अंगाई गाते, तिथे कान देऊन ऐका. तो आवाज दुर्गाबाईंचा स्वतःचा आहे.